रात्री उभी केली की मागची डावी बाजू बसते: एअर सस्पेन्शनची गळती नेमकी शोधायची कशी?

कृष्णाकाठ_४५ (२ डिसेंबर, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. आमची ४५ सीटर, १२ मीटरची गाडी आहे. सांगलीत असते. लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शन, शाळांच्या सहली अशी कामं मी आणि धाकटा भाऊ मिळून करतो. गाडीचं वजन पेलणारे हवेचे रबरी बलून पुढे दोन, मागे चार.

गेले तीन आठवडे एक त्रास सुरू आहे. रात्री गाडी सरळ उभी असते आणि सकाळी मागची डावी बाजू बसलेली दिसते. इंजिन चालू करून दहा-बारा मिनिटं हवा भरली की पुन्हा सरळ होते. दिवसभर चालताना काही जाणवत नाही. ड्रायव्हर मात्र म्हणतो की एअर ड्रायरचा (कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढतो तो) 'फुस्स' आवाज पूर्वीपेक्षा लवकर लवकर येतो.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने गाडीखाली न वाकता सांगितलं, चारही बलून बदला. दुसरा म्हणाला लेव्हलिंग व्हॉल्व (बलूनमधली हवा कमी-जास्त करून उंची राखणारा) गेलाय, आजच नवीन टाकतो. दोघांपैकी कुणीही साबणाचं पाणी लावून बघितलं नाही. चार बलूनचा खर्च आत्ता परवडणारा नाही, आणि तो करूनही गाडी बसली तर?

२० तारखेला पाचवीच्या मुलांची सहल आहे, गणपतीपुळे. म्हणजे आंबा घाट. त्याआधी हे नीट करायचंच आहे. घरी काय काय तपासता येईल ते कृपया सांगा.

घाटवळण (२ डिसेंबर, रात्री १०:०५)

सगळ्यात आधी ब्रेकचं सांगा. सकाळी ब्रेकच्या दोन्ही गेजचे काटे किती उतरलेले असतात?

कृष्णाकाठ_४५ (२ डिसेंबर, रात्री १०:२०)

रात्री ८ बार असतात, सकाळी साडेसातच्या आसपास. दोन्ही काटे बरोबरीने. सस्पेन्शनच्या टाकीला वेगळं गेज नाही, पण सकाळी तिचा ड्रेन (पाणी सोडायचं तळाचं तोंड) ओढला तर जेमतेम हवा येते.

डेपोकाका (३ डिसेंबर, सकाळी ६:४०)

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. माझी नोकरी पोलादी पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांखाली सुरू झाली. २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर आली, पुढे दादर-पुणे शिवनेरी सुरू झाली, तेव्हा आम्ही जुन्या मंडळींनी बलूनचं काम नव्याने शिकलं. तेव्हा जे पहिल्या दिवशी शिकवलं तेच तुम्हालाही पहिलं सांगतो: नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅकवरही नाही. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या किंवा सागाचे जाड ठोकळे लावा, चाकांना ओट लावा, आणि मग डोकं आत घाला. पाईप निसटला तर मागची बाजू एका क्षणात खाली येते. हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

आता तुमच्या गाडीचं. ब्रेकची हवा टिकतेय याचा अर्थ प्रोटेक्शन व्हॉल्व त्याचं काम करतोय. कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून त्याच्याकडे येते आणि तिथून ब्रेकचे वेगळे, सस्पेन्शनचा वेगळा असे भाग पडतात. एका भागात गळती झाली तरी दुसऱ्याची हवा ठराविक दाबाखाली जाऊ देत नाही. तेव्हा घाबरू नका, पण सहल ठरलीय म्हणून घाईही करू नका.

मागे दोन लेव्हलिंग व्हॉल्व असतात, डावीचा एक आणि उजवीचा एक. पुढे दोन्ही बलूनना मिळून एक. म्हणून पुढची गळती असली तर बहुतेक वेळा पुढचा सगळा भाग बसतो. तुमची फक्त मागची डावी बसते, म्हणजे शोधायची जागा आधीच लहान झाली: डावीकडचे दोन बलून, त्यांना जोडणारा टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाईप, आणि तो एक व्हॉल्व. उजवीकडच्या बलूनना हात लावायचं आज तरी काहीच कारण नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. बाजू खाली जाऊ लागली की व्हॉल्वची दांडी वर उचलली जाते आणि तो टाकीतून हवा घेऊन बलून भरतो. इंजिन बंद असलं तरी टाकीत हवा असेपर्यंत हे चालू राहतं. म्हणून आधी टाकी रिकामी होते आणि मग गाडी बसते. तुमच्या ड्रेनला हवा नाही ती यामुळे. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत गाडी सरळच दिसत असणार.

साबण लावा, पण सकाळी बसलेल्या गाडीला नको. टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करा, आजूबाजूचा सगळा आवाज थांबू द्या आणि मग लावा.

तिसरी_लेन (३ डिसेंबर, सकाळी ९:१५)

बसचं मला ठाऊक नाही, पण कारचा अनुभव सांगते कारण तो महागात गेला. नाशिकला जुनी जर्मन एसयूव्ही घेतली होती. पुढची उजवी बाजू रात्रीत बसायची. सकाळी चालू केली की वर यायची, म्हणून आम्ही चार महिने तशीच वापरली. गळती होती तिथे बलूनच्या रबराच्या घडीत, बारीकशी. पण ती भरून काढायला छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिवसभर धावत होता. कारचा कॉम्प्रेसर सतत चालण्यासाठी बनवलेला नसतो. तो तापला, त्याचा रिले चिकटला आणि एके दिवशी पार्किंगमध्ये बंद गाडीतही घरघर चालू राहिली. शेवटी स्ट्रट (बलून आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असतो तो), कॉम्प्रेसर आणि रिले असं तिन्ही बदलावं लागलं. चार महिन्यांपूर्वी एकाच स्ट्रटवर भागलं असतं.

त्यात एक गोष्ट शिकले. नवा स्ट्रट बसवल्यावर त्यात हवा भरायच्या आधी गाडीचा भार चाकावर टाकायचा नाही. रिकाम्या रबरावर वजन आलं की घडी वेडीवाकडी पडते आणि नवा बलून पहिल्या दिवशीच खराब होतो. आमच्या मेकॅनिकने हे आधी समजावून सांगितलं, म्हणून नवा स्ट्रट वाचला.

बैलगाडा_एक्स्प्रेस (३ डिसेंबर, सकाळी ११:३०)

एवढा खटाटोप कशाला? भेग सापडली की पंक्चरवाल्याकडून आतून पॅच मारून घ्या. ट्यूबला चालतो तर बलूनला का नाही? आमच्या गावात एकाने मारलाय आणि दोन महिने चाललाय.

डेपोकाका (३ डिसेंबर, दुपारी १२:१०)

भाऊ, नको. ट्यूब टायरच्या पोटात असते, तिच्यावरचा ताण टायर घेतो. बलूनला बाहेरून कुणाचाच आधार नाही. त्याच्या रबरात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात आणि दाब तेच पेलतात. भेग पडली म्हणजे पाणी दोऱ्यांपर्यंत पोहोचलं. शिवाय तो भाग प्रत्येक खड्ड्याला पिस्टनवर (बलूनच्या तळाच्या बैठकीवर) गुंडाळला जातो आणि सुटतो. पॅच तिथे टिकत नाही, आणि सुटतो तेव्हा हळू सुटत नाही. तुमच्या गावातली ती गाडी माणसं वाहत असेल तर मालकाला आजच सांगा, ही माझी हात जोडून विनंती.

बैलगाडा_एक्स्प्रेस (३ डिसेंबर, दुपारी १२:४०)

मालट्रक आहे काका, पण मुद्दा पटला. संध्याकाळी जाऊन सांगतो.

ब्रॅम्प्टनचा_ट्रकवाला (४ डिसेंबर, पहाटे ४:३०)

कॅनडातून रामराम. मूळ कराडचा. मी अठरा चाकी ओढतो, ट्रॅक्टर (पुढचा ओढणारा ट्रक) आणि ट्रेलर दोन्हीला एअर सस्पेन्शन. इकडे रोज निघण्याआधी गाडी तपासून लिहून ठेवावं लागतं, त्यामुळे कानाला गळतीची सवय झालीय. अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं टोक एकेका जोडाजवळून फिरवा. जी गळती उघड्या कानाला येत नाही ती नळीतून 'सूंऽ' अशी येते. जागा नक्की करायला मग साबण.

कृष्णाकाठ, व्हॉल्व की बलून हे ठरवायचा सोपा मार्ग: बलूनच्या टी आणि लेव्हलिंग व्हॉल्वच्या मधल्या पाईपात एक छोटी पितळी चावी (नळासारखा कॉक) घाला, हवेच्या लाईनवर चालणारी. गाडी भरा, इंजिन बंद करा, चावी बंद करा आणि झोपा. सकाळी गाडी सरळ असेल तर गळती व्हॉल्वकडे. बसली असेल तर बलूनकडे. उजवीकडेही तशीच एक चावी घाला. उजवी बाजू व्हॉल्वमार्फत टाकीतून हवा घेत राहिली तर तुलना बरोबर होणार नाही. चाचणी झाली की दोन्ही काढा, चावीसकट गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पाईप कापताना हॅक्सॉ वापरू नका. नायलॉनचा पाईप धारदार कटरने अगदी काटकोनात कापा. तिरका कापला तर फिटिंगमधल्या ओ-रिंगवर एका बाजूने बसतो आणि तुम्ही स्वतःच नवी गळती तयार करता. आत ढकलल्यावर थोडा मागे ओढून बघा, धरला पाहिजे. आणि ढकलून बसवायच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे व्हॉल्वच्या सीटवर जाऊन बसतात.

सरळसोट (४ डिसेंबर, सकाळी १०:००)

माझं स्पष्ट मत: बलून काढा, पाटे टाका. आपले रस्ते, आपला पाऊस, आपले गॅरेजवाले. पाट्याला गळती नसते.

घाटवळण (४ डिसेंबर, सकाळी १०:४५)

पाटे वाईट नाहीत, पण ही चेसिस बलूनसाठी बनलीय. पाट्याचे हँगर कुठे लावणार? चेसिसला भोकं पाडणार की वेल्डिंग करणार? ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे रॉड बलूनच्या हिशेबाने आहेत. शिवाय गाडीच्या मंजूर रचनेत असा बदल आपल्या मनाने करता येत नाही, उद्या अपघात झाला तर विम्यापासून सगळंच अडतं. आणि मागच्या बाकावर कंबरदुखीची आजी पंढरपूरपर्यंत बसून जाते ती या बलूनमुळेच.

सरळसोट (४ डिसेंबर, सकाळी ११:२०)

आजीचा मुद्दा मान्य. माझे वडील पाट्याच्या गाडीने अक्कलकोटला जाऊन आले की दोन दिवस झोपून असायचे. पण गळती शोधता येणारी माणसंच गावोगाव नाहीत ही माझी खरी तक्रार आहे.

डेपोकाका (४ डिसेंबर, दुपारी १:००)

ती माझीही आहे. पोरं आयटीआयमधून येतात, हुशार असतात, पण पार्ट बदलायला शिकतात. का बिघडला ते शोधायला त्यांना कुणी वेळच देत नाही.

रुळावरचा (४ डिसेंबर, रात्री ८:३०)

थोडं विषयांतर. मेट्रोच्या डब्याखालीही हेच बलून असतात, आम्ही त्यांना एअर स्प्रिंग म्हणतो, आणि लेव्हलिंग व्हॉल्वही असतो. गर्दी वाढली की हवा भरतो, माणसं उतरली की सोडतो, त्यामुळे डब्याची फरशी फलाटाच्या पातळीला राहते. व्हीलचेअर न अडखळता आत जाते ती म्हणून. बलूनची हवा गेली तरी आत रबराचा दणकट आधार असतो, गाडी वेग कमी करून नेता येते. बसच्या बलूनमध्येही बंप स्टॉप असतो ना काका?

डेपोकाका (४ डिसेंबर, रात्री ९:०५)

असतो. पण तो हळूहळू गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता. त्यावर माणसं भरून घाट उतरायचा नाही.

कृष्णाकाठ_४५ (६ डिसेंबर, सकाळी ८:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हेच केलं. चेसिस ते ॲक्सल अंतर टेपने मोजलं, दर वेळी खडूची खूण केलेल्या त्याच जागेवर.

पहिली रात्र, काही न करता: डावी ३४८ मिमीवरून २५८. उजवी ३५० वरून ३३८. म्हणजे डावी ९० उतरली, उजवी १२.

दुसरी रात्र, दोन्ही बाजूंना चावी घालून: डावी ३४८ वरून ३२२. उजवी ३५० वरून ३४१. म्हणजे डावी २६, उजवी ९.

साबणही लावला, टाकी भरून. व्हॉल्वच्या खालच्या तोंडाला, जिथून हवा बाहेर सोडतो तिथे, साबणाचा पडदा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. साधारण चार सेकंदाला एक फुगा. बलूनला आणि जोडांना कुठेच काही नाही.

म्हणजे व्हॉल्वच ना?

घाटवळण (६ डिसेंबर, सकाळी ८:४०)

व्हॉल्वच. दांडी मधोमध असताना त्या तोंडातून काहीच यायला नको. ९० चे २६ झाले, अजून काय पुरावा हवा? उरलेली २६ थंडीमुळे असेल, सांगलीत सध्या रात्री चांगलाच गारठा आहे.

गणिताची_वही (६ डिसेंबर, सकाळी १०:३०)

थांबा, थंडीचा हिशेब मांडूनच पाहू. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १४ अंश धरा. केल्विनमध्ये ३०३ आणि २८७. गाडीचं वजन रात्रभर तेवढंच, म्हणून बलूनमधला दाबही जवळपास तेवढाच राहतो. आकसतं ते हवेचं आकारमान, आणि ते १६ भागिले ३०३, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. बलूनमधल्या हवेची उंची साधारण १८० मिमी धरली तर साडेनऊ मिमी.

उजवी बाजू ९ मिमी उतरलीय. अगदी जुळतं. म्हणजे उजवी बाजू ठणठणीत आहे आणि थंडीचा वाटा ९ चाच आहे. थंडी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी पडत नाही. डावीकडचे उरलेले १७ मिमी कुठूनतरी बाहेर जात आहेत, आणि चावी बंद असल्यामुळे ते व्हॉल्वमधून जाऊ शकत नाहीत.

डेपोकाका (६ डिसेंबर, सकाळी ११:००)

वहीताई, किती सोपं करून सांगितलंत. आयुष्यभर आम्ही 'थंडीत अर्धं बोट उतरते' एवढंच म्हणत आलो, ते अर्धं बोट कुठून येतं ते आज कळलं.

कृष्णाकाठ, तुमच्या गाडीला दोन गळत्या आहेत. मोठी व्हॉल्वची, लहान बलूनकडची. मोठी काढून थांबलात तर दोन महिन्यांनी पुन्हा याच ठिकाणी याल. लहान गळती साबणाला दिसली नाही कारण बलून नेहमीच्या उंचीवर असताना खालची घडी पिस्टनवर बसून मिटलेली असते. चेसिस जॅकने वर उचला, घोड्या वरच्या खाचेवर लावा, ॲक्सल लटकू द्या. घडी उघडेल. ओल्या फडक्याने चिखल पुसा आणि बॅटरीचा उजेड समोरून न मारता आडवा मारा. आडव्या उजेडात भेगेची सावली पडते.

आणि व्हॉल्व नवा लावायच्या आधी जुना उघडून आत काय आहे ते बघा. फेकायचाच आहे, पण आधी बघा.

ब्रॅम्प्टनचा_ट्रकवाला (७ डिसेंबर, पहाटे ५:००)

काकांच्या शेवटच्या ओळीला दुजोरा. टाक्यांचे ड्रेन उघडून काय पडतं तेही बघा. इकडे उणे २५ मध्ये लाईनमधलं पाणी गोठतं आणि गाडी जागची हलत नाही, म्हणून ड्रायरच्या कार्ट्रिजकडे (पाणी शोषणारा डबा) सगळे लक्ष देतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून ते आत आहे हेच कळत नाही. नुकसान मात्र करतच असतं.

कृष्णाकाठ_४५ (८ डिसेंबर, रात्री १०:४०)

काल आणि आज पूर्ण दिवस गाडीखाली गेला. जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाच्या तरी कामाला येईल.

व्हॉल्व उघडला. आत काळपट-तपकिरी चिकट राब होती, बोटाला लागली की सुटत नाही अशी. तिच्याखाली हवा सोडायच्या तोंडाची रबरी सीट फुगून मऊ झालेली, नखाने दाबली तर वळ उमटतो. टाकीचा ड्रेन बाटलीत धरला: दुधाच्या चहासारखं पाणी, वर तेलाचा तवंग. भाऊ बाटलीकडे बघून म्हणाला, "हे सगळं आपल्या ब्रेककडेपण जातंय की." त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

ड्रायरची कार्ट्रिज शेवटची कधी बदलली ते वहीत सापडलं नाही. म्हणजे आमच्याकडे गाडी आल्यापासून नाहीच. पण तेल का येतंय? मेकॅनिकने कॉम्प्रेसर उघडायच्या आधी त्याची हवा ओढायची नळी काढली. बाहेरून धडधाकट. आतून तिचा एक पापुद्रा सुटून अर्धी वाट अडवून बसला होता. हवा पुरेशी मिळेना म्हणून कॉम्प्रेसर खालून तेल ओढत होता, तेल कार्ट्रिजमध्ये, कार्ट्रिज निकामी, मग पाणी आणि तेल दोन्ही पुढे. नळी बदलली. नवी कार्ट्रिज लावली. सगळ्या टाक्या काढून साफ केल्या. मग ड्रायरच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पाच-सहा वेळा 'फुस्स' होऊ दिलं: कागद कोरडा, डाग नाही.

आता बलून. काका, अगदी तुम्ही सांगितलंत तसं. नेहमीच्या उंचीला काहीच दिसत नव्हतं. ॲक्सल लटकवल्यावर मागच्या डाव्या बलूनच्या घडीत, आतल्या बाजूला, नखभर भेग. साबण लावला तर फुगा येत नाही, नुसता पांढरा फेस हळूहळू जमतो, साय धरल्यासारखा. भेगेच्या शेजारी, रबर आणि पिस्टनच्या मध्ये, हरभऱ्याएवढे तीन खडे अडकलेले होते.

खडे आले कुठून? त्या चाकाचं मडफ्लॅप पावसाळ्यात फाटून पडलं होतं. 'बघू नंतर' म्हणून राहिलं होतं.

तिसरी_लेन (८ डिसेंबर, रात्री ११:००)

मडफ्लॅप! वाचताना अंगावर काटा आला. बलून एकच बदलणार की डावीकडचे दोन्ही?

डेपोकाका (९ डिसेंबर, सकाळी ६:३०)

शाब्बास कृष्णाकाठ. दोघा भावांना माझा नमस्कार सांगा.

बलूनचं माझं मत: डावीकडचे दोन्ही एका वयाचे असतील तर दोन्ही बदला. शेजारच्याने तेवढाच प्रवास केलाय आणि तेच खडे खाल्लेत. उजवीकडचे ॲक्सल लटकवून तपासा, स्वच्छ असतील तर राहू द्या. दुकानातून घेताना रबरावरची बनावटीची तारीख बघा, कपाटात म्हातारा झालेला बलून घेऊ नका.

बसवताना पिस्टन तारेच्या ब्रशने घासून गुळगुळीत करा. वरची प्लेट आणि पिस्टन एका रेषेत हवेत, बलूनला पीळ नको. हवा एकदम मारू नका. थोडी भरा, घडी चहूबाजूंनी सारखी गुंडाळली जातेय ना ते हात न लावता बघा, मग पुढची भरा. आणि सुटा बलून कधीही जमिनीवर ठेवून फुगवून बघू नका. व्हॉल्व नवा आहे म्हणून लिंक रॉडची (व्हॉल्वची दांडी ॲक्सलला जोडणाऱ्या सळईची) लांबी पुन्हा लावून उंची कंपनीच्या आकड्यावर आणा. अंदाजाने नको, टेपने.

घाटवळण (९ डिसेंबर, सकाळी ९:००)

मी घाईने 'व्हॉल्वच' म्हणालो होतो, ते मागे घेतो. वहीताईंनी अडवलं नसतं तर ती भेग घाटात गेली असती.

बैलगाडा_एक्स्प्रेस (९ डिसेंबर, दुपारी २:१५)

गावातल्या त्या मालकाला दाखवलं. पॅचची एक कड सुटायला लागली होती. त्याने ट्रक उभा केलाय, नवीन बलून मागवलाय.

कृष्णाकाठ_४५ (१३ डिसेंबर, सकाळी ७:२०)

डावीकडचे दोन्ही बलून, व्हॉल्व, कार्ट्रिज, नळी आणि चारही मडफ्लॅप नवे. उजवीकडचे बलून लटकवून तपासले, निर्दोष. चाव्या काढून टाकल्या. चार बलूनचा जो आकडा पहिल्या गॅरेजने सांगितला होता, त्याच्या साधारण निम्म्यात सगळं झालं.

आजची सकाळ: डावी ३४९ वरून ३४०. उजवी ३५० वरून ३४१. दोन्ही ९.

गणिताची_वही (१३ डिसेंबर, सकाळी ७:५०)

किती सुंदर आकडे.

रुळावरचा (१३ डिसेंबर, सकाळी ११:१०)

एक विचारायचं राहिलं. रिकाम्या गाडीने तपासलंत. भरलेल्या गाडीने बलूनमधला दाब वाढतो, नवे जोड तेव्हाही तपासायला हवेत. आम्ही डब्यात वाळूच्या गोण्या ठेवून बघतो.

कृष्णाकाठ_४५ (१३ डिसेंबर, दुपारी १२:३०)

हे सुचलंच नव्हतं. शेजारी तांदळाचं गोदाम आहे, मालक ओळखीचे आहेत. विचारतो.

कृष्णाकाठ_४५ (१६ डिसेंबर, रात्री ९:३०)

पन्नास किलोची चाळीस पोती मागच्या भागात ठेवून दोन तास उभी केली. सगळ्या जोडांना पुन्हा साबण. व्हॉल्वकडच्या एका फिटिंगला बारीक फेस आला. पाईप काढून बघितला, तिरका कापलेला. मीच कापला होता. काटकोनात कापून पुन्हा बसवला, फेस बंद. मग मिरजेपर्यंत पोत्यांसकट जाऊन आलो.

कृष्णाकाठ_४५ (२१ डिसेंबर, रात्री ८:००)

सहल होऊन आली. आंबा घाट उतरताना मी स्वतः मागच्या बाकावर बसलो होतो, मुलांच्या मधे. ड्रायव्हरने परतीच्या वाटेवर मोजलं: सपाट रस्त्याला, ब्रेक न लावता, दोन 'फुस्स'मधलं अंतर आता पहिल्याच्या तिपटीहून जास्त आहे.

गणपतीपुळ्याला गाडी लावल्यावर आमच्या ड्रायव्हरने टेप काढून चेसिसखाली हात घातला. एक मुलगी वाकून बघत होती. म्हणाली, "काका, गाडीची उंची का मोजताय? ती वाढतेय का?" त्याने तिला टेपचं दुसरं टोक धरायला दिलं. ३४९ तिनेच वाचून दाखवलं.

डेपोकाका (२१ डिसेंबर, रात्री ८:४५)

पुढची कार्ट्रिज कधी बदलायची ते वहीत आजच लिहून ठेवा.

कृष्णाकाठ_४५ (२१ डिसेंबर, रात्री ८:५०)

लिहिलंय काका. ड्रेन रोज, कार्ट्रिज पुढच्या डिसेंबरला, आणि दर सोमवारी टेप.